मंगळवारचे निरोप

फोनमावशींना समोरासमोर पाहिलं की लोकांचा हमखास विरस व्हायचा. फोनवरचा तो आवाज ऐकून माणूस मनात एखादी उंच, शेलाटी, ठेवणीतल्या कपड्यांतली बाई उभी करायचा, आणि प्रत्यक्षात दार उघडायला यायच्या या. बुटक्या, गोल, पायांना सूज आणि नाकाला बारमाही सर्दी. आवाज मात्र सर्दीतही स्वच्छ. "देवानं सगळा माल घशात भरला, बाकीच्यासाठी काही उरलंच नाही," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि खो खो हसायच्या.

एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कुणाच्या जन्माची आणि कुणाच्या मरणाची बातमी त्यांच्या हातून पुढे जायची. पलीकडचा माणूस बाप झालाय की पोरका, हे त्या नुसत्या श्वासावरून ओळखायच्या. खोटं बोलणाऱ्याचं तर विचारूच नका. पोटदुखीचं कारण सांगून रजा मागणारा कर्मचारी 'हॅलो' म्हणायच्या आत पकडला जायचा. ज्याचा फोन त्याला जोडून द्यायचा, निरोप असेल तर शब्दाला शब्द पोचवायचा आणि दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकायचं नाही, हा त्यांचा धर्म. तो आपण एकतीस वर्षं पाळला याचा त्यांना गर्व होता. गर्व हे पाप आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण एवढं एक चालतं, अशी त्यांनी देवाशी परस्पर तडजोड करून टाकली होती.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच रविवारी, उपासना सुटल्यावर, मोठ्या बाईंनी त्यांना देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर गाठलं. मोठ्या बाई म्हणजे पाळकसाहेबांची थोरली बहीण. देवळाच्या मागे चर्चच्या मंडळीनं चालवलेलं एक घर होतं, त्याच्या त्या प्रमुख. सहा खाटा, एक स्वयंपाकघर, एक कार्यालय आणि त्या कार्यालयात एक काळा टेलिफोन. दिवस गेलेल्या आणि जायला जागा नसलेल्या मुली तिथे येत. कुणाला घरच्यांनी काढलेलं, कुणाला नवऱ्यानं, कुणी आपल्या पायांनी निघालेली. त्यांना तिथे जेवण मिळे, डॉक्टर मिळे, संध्याकाळी प्रार्थना असे. बाळ झाल्यावर पुढे काय, ते ज्या त्या मुलीनं ठरवायचं. ठेवायचं असेल तर मंडळी काम शोधून देई, राहायची सोय बघे. ठेवायचं नसेल तर सरकारी कार्यालयामार्फत रीतसर दत्तक. मंडळीतल्या बाया जुनी झबली आणि ताजे उपदेश सढळ हातानं आणून देत. झबली ठेवून घ्यायची आणि उपदेश दारातूनच वाटेला लावायचे, हे मोठ्या बाईंचं काम.

"आम्हाला फोनवर नाही म्हणणारं माणूस हवंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी जन्मभर जोडून दिलंय हो," मावशी म्हणाल्या.

"म्हणूनच. तुम्हाला कळेल कुठे तोडायचं ते."

नियम साधा होता आणि त्याचे दोन भाग होते. कुणाचाही फोन येवो, आई म्हणून येवो की पोलीस म्हणून येवो, उत्तर एकच: अशी कोणी इथे राहत नाही. हा पहिला भाग. पूर्वी एकदा कुणीतरी भाबडेपणानं 'हो, आहे' म्हटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा भाऊ दोन मित्र घेऊन फाटकाशी आला होता. दुसरा भाग असा की फोन ठेवल्याबरोबर चिठ्ठी लिहायची: कोण, केव्हा, काय म्हणालं. ती त्याच दिवशी मुलीच्या हातात द्यायची. जायचं, बोलायचं की चिठ्ठी फाडायची, ते तिनं बघायचं. दाराबाहेर 'नाही', दाराच्या आत खडान्‌खडा.

चार वर्षं मावशींनी दोन्ही भाग डोळ्यांत तेल घालून सांभाळले. पाचव्या वर्षी त्यांनी पहिला तेवढा पाळला आणि दुसरा गिळला. त्याबद्दल त्यांनी स्वतःला पुढे कधी सूट दिली नाही, आणि ही गोष्ट सांगणाराही देणार नाही.

आता भाचीबद्दल सांगायला हवं. मावशी तशा सगळ्या मंडळीच्या मावशी, पण सख्खी मावशी एकीचीच. बहीण गेली तेव्हा भाची सहा वर्षांची होती. बिनलग्नाच्या मावशीनं तिला वाढवलं, शिकवलं, तिच्या वेण्या घातल्या, तिचं लग्न लावलं. जावई पोस्टात कारकून, रविवारी देवळात पेटी वाजवायचा. गुणी माणूस, पण सूर लागला की थांबायचं विसरायचा, आणि मंडळी गाणं संपवून खाली बसली तरी याचं चालूच. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दोघांचं नाव दत्तकाच्या यादीत होतं. दर बुधवारच्या प्रार्थनासभेत कुणी ना कुणी त्यांच्यासाठी प्रार्थना करी, आणि ते 'कुणी' बहुतेक वेळा मावशी असत. मोठ्यानं, त्या स्वच्छ आवाजात. भाची मान खाली घालून बसायची. एकदा घरी जाताना ती म्हणाली होती, "मावशी, सगळ्यांसमोर नको ना मागूस. मला भीक मागितल्यासारखं वाटतं." मावशींनी त्यानंतरही मागितलं, फक्त जरा हळू.

त्या पाचव्या वर्षी चष्मेवाली मुलगी देवळामागच्या घरात आली तेव्हा तिला सहावा महिना लागत होता. वय वीस. एका कापडदुकानात कापड मोजायला होती. ज्याच्यामुळे हे झालं त्यानं गाव बदललं होतं. घरी कळलं तेव्हा बाप जे बोलायचं नाही ते सगळं बोलला आणि आई भिंतीला टेकून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. मुलीच्या मनाला बापाचं लागलं त्यापेक्षा आईचं जास्त लागलं होतं. घरात प्रवेश करताना भरायच्या कागदावर एक रकाना असे: 'कुणाचा फोन आल्यास कळवावे?' तिथे तिनं लिहिलं होतं, 'आई. पण ती करणार नाही.'

स्वभावानं ती तिखट होती आणि मजेशीर. आल्याच्या आठवड्यात तिनं घरातल्या सगळ्या पडद्यांची मापं चुकलीत हे सांगून टाकलं आणि पुढच्या आठवड्यात सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले. दिवसभर कार्यालयासमोरच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर काहीतरी शिवत बसायची, कारण खाटेवर पाठ दुखे. मावशींचा तिच्यावर जीव बसला. हेही त्यांच्या गुन्ह्यात धरावं लागेल, कारण परक्या मुलीशी असं वागणं सोपं असतं, आणि ही त्यांना परकी नव्हती.

पहिला फोन आला तो मंगळवारी, सव्वाअकराला.

"हॅलो, नमस्कार. तिथे एक मुलगी आहे का हो? चष्मा लावते. डाव्या काडीला दोरा गुंडाळलेला आहे, मीच गुंडाळून दिला होता."

"अशी कोणी इथे राहत नाही," मावशी म्हणाल्या. मऊ आवाजात, पण ठाम.

"बरं. नाही म्हणायचंच असतं, ते कळतं मला. अशी सात ठिकाणं सापडली, सातही जणांनी नाहीच सांगितलं. पण चुकून आलीच, तर तिला सांगाल का? वडिलांचं मी बघते म्हणावं. माझ्या बहिणीकडे खोली मोकळी करून ठेवलीय. बाळासकट ये. आणि... मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, बोलले नाही. एवढं सांगा."

मग तिनं एक नंबर सांगितला. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मंगळवारी तिथला मुख्य आचारी उशिरा यायचा, तेवढाच वेळ फोन मोकळा असे.

मावशींनी चिठ्ठी लिहिली. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, कारण त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं फार थोडं आहे. चिठ्ठी लिहून त्यांनी झग्याच्या खिशात ठेवली आणि जेवणानंतर द्यायची ठरवलं. पण त्याच दुपारी मोठ्या बाई हातात सरकारी पत्र घेऊन आल्या. चष्मेवालीनं बाळ दत्तक द्यायचं असं आदल्या आठवड्यात कळवलं होतं, आणि यादीत पुढचं नाव निघालं होतं ते भाचीचं.

"तुमच्या भाचीचं आहे म्हणून सांगतेय, अजून कुठे बोलू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलीचं मन बदललं तर ते तिथेच थांबेल. तुम्ही यात कुठे हात घालू नका."

"छे छे," मावशी म्हणाल्या. नाव रीतसर वर आलं होतं, त्यात त्यांचा काही हात नव्हता. हात नव्हता, हे त्या पुढे स्वतःला फार वेळा सांगायच्या.

जेवण झालं, प्रार्थना झाली, चिठ्ठी खिशातच राहिली. उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी त्यांना पूर्वीची एक उंच मुलगी आठवली. मागच्या वर्षी आईच्या फोनची चिठ्ठी मिळाल्यावर ती घाईनं घरी गेली होती आणि चौथ्या दिवशी मनगटावर वळ घेऊन परत आली होती. ते आठवणं फारच सोयीचं होतं. मावशींनी ते घट्ट धरून ठेवलं. या फोनमध्येही काही कावा असेल, कोण जाणे! पण खरी गोष्ट अशी की त्यांच्या कानाला त्या बाईच्या आवाजात तसूभरही खोट सापडली नव्हती. एकतीस वर्षांचा कान होता तो. त्यांनी चिठ्ठीचे चार तुकडे करून चुलीत टाकले.

पुढच्या मंगळवारी सव्वाअकराला पुन्हा फोन. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. बाई फार नवीन काही सांगायची नाही, पण दर वेळी एखादी बारीक गोष्ट वाढायची. खोलीला खिडकी आहे. बहिणीनं पाळणा मिळवलाय, जुना आहे पण मजबूत. वडील आता गप्प झालेत, आणि त्यांचं गप्प होणं म्हणजे अर्धं मान्य. मावशी सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी तेच वाक्य म्हणायच्या. चिठ्ठ्या लिहिणं त्यांनी सोडून दिलं. न लिहिलेली चिठ्ठी फाडावी लागत नाही.

असे सात मंगळवार गेले. दरम्यान भाचीला बातमी कळली होती. ती हसायची आणि हसता हसता रडायची. जावयानं एका रविवारी शेवटचं गाणं इतकं लांबवलं की पाळकसाहेबांना खाकरावं लागलं. मावशींना वाटायचं, हे देवानंच जमवून आणलंय. मग मंगळवार यायचा, आणि देवानं जमवलेल्या गोष्टीसाठी आपल्याला दर आठवड्याला खोटं का वागावं लागतंय, हा प्रश्न सव्वाअकराला घंटा होऊन वाजायचा.

मुलगा झाला. आठव्या दिवशी सही करायला चष्मेवाली कार्यालयात आली. मोठ्या बाईंनी तिला नीट समजावलं: आज सही केलीस तरी दोन महिन्यांची मुदत आहे. तोवर बाळ त्या जोडप्याकडे सांभाळायला राहील आणि तू इथे राहशील. दोन महिन्यांत केव्हाही म्हणालीस की हवाय, तर तो तुझा. मुदत संपल्यावर मात्र नाही.

मुलीनं पेन उचललं. मग मावशींकडे वळून, अगदी सहज विचारल्यासारखं, ती म्हणाली, "माझ्यासाठी कधी फोन आला होता का हो?"

मोठ्या बाई कागद लावत होत्या. खिडकीतून तिनंच शिवलेला पडदा हलत होता.

"नाही गं," मावशी म्हणाल्या.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि सही केली.

तोपर्यंत मावशी फक्त गप्प होत्या. आता त्या खोटं बोलल्या होत्या, आणि तेही ज्या आवाजावर सगळ्यांचा भरवसा होता त्याच आवाजात. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. भाचीच्या घरी गेल्या की बाळाला मांडीवर घ्यायच्या, आणि भाची म्हणायची, "बघ, तुझा आवाज आला की मान वळवतो." दर वेळी ते त्यांचं काळीज चिरत जायचं. पोराची डावी भुवई त्याच्या आईसारखी जरा वर होती. इकडे घरात त्याची आई दूध आटावं म्हणून छातीला घट्ट कापड बांधून पडदे, उशांचे अभ्रे, मिळेल ते शिवत बसायची. मावशी सकाळी एकीला बघायच्या आणि संध्याकाळी दुसरीला. मधल्या वाटेवर त्यांना कुणीच बघत नसे, तिथे त्या रडून घ्यायच्या.

मंगळवारचे फोन थांबले होते. सुटले, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली.

मुदत संपायला नऊ दिवस राहिले असताना, एका शुक्रवारी दुपारी, घंटा वाजली.

"हॅलो. मीच. आज वार चुकला माझा." तोच आवाज, पण थकलेला. "आता काही विचारत नाही. दिवस कधीच भरले असतील. निरोप पोचला असेल, तिला यायचं नसेल. तिची मर्जी. मी तरी कुठे बोलले होते तेव्हा? तुम्हाला फोन केला तो वेगळ्यासाठी. बाकीच्या सहा ठिकाणी लोक कंटाळले हो, फोन आपटायचे. तुम्ही एकदाही आपटला नाहीत. नेहमी सगळं ऐकून घेतलंत. बरं वाटायचं. आभार मानायचे राहिले होते, म्हणून केला."

मावशींच्या तोंडातून ते नेहमीचं वाक्यसुद्धा निघेना. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, तरी त्या रिसीव्हर धरून बसल्या होत्या. मग उठल्या आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

"बाई, माझ्याबरोबर प्रार्थना करता का? माझ्या हातून..." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सात मंगळवार, चिठ्ठी, सहीच्या दिवसाचं उत्तर, आजचा फोन. सांगता सांगता त्या गुडघ्यांवर बसायला लागल्या.

मोठ्या बाईंनी त्यांचा दंड धरला. "उठा," त्या म्हणाल्या. "प्रार्थना नंतर. देव कुठे जात नाही, मुदत जातेय. आधी त्या पोरीला सांगा."

"तुम्ही असाल ना बरोबर?"

"नाही. आणि उद्यापासून फोनवर दुसरं कुणीतरी बसेल."

चष्मेवाली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अभ्र्याला टाके घालत होती. मावशी खालच्या पायरीवर बसल्या. सूज आलेल्या पायांकडे बघत त्यांनी सांगितलं. आईचं प्रत्येक वाक्य सांगितलं, शब्दाला शब्द. खोली, खिडकी, पाळणा, वडिलांचं गप्प होणं, 'मी बोलायला हवं होतं'. एकतीस वर्षांची सवय, त्यात काही गळलं नाही. सगळं होतं तसं पोचलं, फक्त साडेतीन महिने उशिरा.

मुलीनं हातातला टाका पुरा केला. सुई तिनं अभ्र्यात खोचून ठेवली.

"मी इथेच बसायचे," ती म्हणाली. "दर मंगळवारी ऐकायचे तुम्हाला. अशी कोणी इथे राहत नाही, अशी कोणी इथे राहत नाही. मला वाटायचं, कुणाची तरी आई फार चिवट दिसतेय. मनात यायचं, काय नशीब आहे एकेकीचं!"

मावशींनी तोंडावर हात धरला.

"रडू नका," ती म्हणाली, आणि त्यात माया अजिबात नव्हती. "आत्ता तुम्ही रडलात तर मला तुमची समजूत काढावी लागेल, आणि मला ती काढायची नाहीये. नंबर आहे का?"

नंबर मावशींच्या डोक्यात होता. त्यांनी कार्यालयात जाऊन तो फिरवला, शाळेच्या स्वयंपाकघरात कुणीतरी भांड्यांच्या आवाजातून 'थांबा' म्हणालं, आणि त्यांनी रिसीव्हर मुलीच्या हातात देऊन कार्यालयाचं दार बाहेरून ओढून घेतलं. आतून 'आई' एवढं ऐकू आलं. मावशी दारापासून लांब जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आई आली. बाळ हवंय, असा कागद मुलीनं लिहून दिला आणि मोठ्या बाईंनी तो सरकारी कार्यालयात पोचवला. सोमवारी बाळ परत आणायचं ठरलं. भाचीला सांगायला मावशी स्वतः गेल्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं, म्हणूनच त्या गेल्या.

भाची मागच्या दारी बाळाचे कपडे वाळत घालत होती. मुलीचं मन बदललं, एवढं ऐकल्यावर ती दोरीला धरून उभी राहिली. जरा वेळानं म्हणाली, "तिचा हक्कच आहे, मावशी. मुदत संपलेली नाही हे मला माहीत होतं. रोज मनाला बजावत होते." मग तिनं डोळे पुसले आणि उलट मावशींच्याच पाठीवरून हात फिरवला. "तू नको त्रास करून घेऊस."

इथे थांबता आलं असतं. मोठ्या बाई कधी बोलल्या नसत्या. भाचीच्या नजरेत मावशी जशा होत्या तशाच राहिल्या असत्या, आणि पाठीवरचा तो हातही राहिला असता.

"तिच्या आईचे फोन येत होते," मावशी म्हणाल्या. "मी निरोप दिले नाहीत."

हात थांबला. "कधीपासून?"

"तो जन्मायच्या आधी सात आठवडे."

भाची बोटांवर काहीतरी मोजू लागली आणि मध्येच मोजायची थांबली. "म्हणजे आम्हाला बोलावलं, मी पाळणा आणला, त्याला घरी आणलं, तेव्हा तुला माहीत होतं की तो आमचा नाही."

"हो."

"माझ्यासाठी केलंस."

हे वाक्य मावशींनी स्वतःच्या बचावासाठी कितीतरी दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. आता ते भाचीच्याच तोंडून आलं, आणि त्यात बचाव करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या.

"मी तुला म्हटलं होतं ना, माझ्यासाठी मागू नकोस." भाची आत गेली. बाहेर आली ती बाळाला घेऊन. झोपलेलं होतं ते. एका पिशवीत दिसतील तसे कपडे कोंबलेले होते, दोरीवरचे ओलेसुद्धा. "तूच ने. सोमवारपर्यंत थांबले तर मी देऊ शकणार नाही."

देवळापर्यंतचा रस्ता पाऊण तासाचा. वाटेत ओळखीच्या दोघी भेटल्या आणि बाळ केवढं वाढलंय म्हणाल्या. मावशी हो म्हणाल्या.

कार्यालयात चष्मेवाली आणि तिची आई बसल्या होत्या. आई बारीक चणीची, हातांवर भाजल्याचे जुने डाग असलेली बाई. मावशी बोलल्या तेव्हा तिनं आवाज ओळखला, पण मान दुसरीकडे वळवली. आभाराचा फोन आपण कुणाला केला होता, ते तिला कळलं होतं. मुलीनं बाळ घेतलं. जवळजवळ दोन महिन्यांनी घेत होती, हात कसे ठेवायचे ते तिला सुचत नव्हतं. बाळ जागं झालं आणि त्यानं असा काही टाहो फोडला की मुलगी घाबरून आईकडे बघू लागली.

"हा दूध केव्हा घेतो? किती घेतो? झोपतो कसा?" तिनं विचारलं.

मावशींना काहीच माहीत नव्हतं. ते फक्त एकीला माहीत होतं.

"त्यांना विचारता का?" मुलगी म्हणाली.

मोठ्या बाईंनी मावशींकडे पाहिलं, आणि काळा टेलिफोन त्यांच्यासमोर सरकवला. मावशींनी नंबर फिरवला. पलीकडे बराच वेळ कुणी उचललं नाही. मग भाचीचा श्वास ऐकू आला.

"तिला विचारायचंय, दूध केव्हा घेतो," मावशी म्हणाल्या.

भाचीनं सांगायला सुरुवात केली. सपाट आवाजात, एकापाठोपाठ एक. मावशी एक वाक्य ऐकायच्या, मोठ्यानं म्हणायच्या, मुलीची आई ते कागदावर उतरवून घ्यायची.

"दर अडीच तासांनी. कोमट. हाताच्या मागच्या बाजूवर थेंब टाकून बघायचं." "प्यायल्यावर लगेच आडवा करायचा नाही. खांद्यावर घ्यायचं, दोन ढेकरा येतात. एक आली म्हणून फसायचं नाही." "उजेडाकडे तोंड करून झोपत नाही." "संध्याकाळी उगीच रडतो. काही दुखत नसतं. घेऊन फिरायचं, बसायचं नाही. बसलं की कळतं त्याला." "टोपी घातलेली आवडत नाही."

मध्ये भाचीचा आवाज दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा मावशी थांबल्या आणि पलीकडून पुढचं वाक्य आल्यावरच बोलल्या.

शेवटी भाची म्हणाली, "झालं." मग म्हणाली, "आणि मावशी, आम्ही त्याला एका नावानं हाक मारायचो. ते तिला सांगू नकोस."

फोन ठेवला गेला. मावशींनीही ठेवला.

बाळ आता आईच्या खांद्यावर हुंदके देत शांत होत होतं. आजीनं कागदाची घडी केली. मुलीनं चष्मा वर सरकवला आणि मावशींकडे बघितलं, सहीच्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"अजून काही म्हणाल्या त्या?"

"म्हणाली," मावशी म्हणाल्या. "पण ते तुला सांगू नकोस म्हणाली."

मुलीनं त्यांच्याकडे थोडा वेळ रोखून पाहिलं. मग मान हलवली, आणि बाळाला घेऊन येरझाऱ्या घालू लागली.